दहा मिनिटांचा दवाखाना

हरिहर डॉक्टरांच्या केबिनमध्ये सई एकंदर एक मिनिट चाळीस सेकंद होती, आणि त्यातले पंचवीस सेकंद पडलेला मोजा पुन्हा पायात घालण्यात गेले. हे शुभदाने मोजलं होतं. मोबाइलचं घड्याळ लावून, पर्समध्ये हात घालून, कोणाला कळणार नाही अशा बेताने. म्हणजे तिच्या दहा महिन्यांच्या मुलीला डॉक्टरांनी निव्वळ सव्वा मिनिट दिलं होतं. तेवढ्यात त्यांनी छातीला नळी लावली, पोट दाबलं, "हं" म्हणाले, "काही नाही, वाढतं वय आहे" म्हणाले, आणि दाराकडे बघून त्यांचा तो चऱ्होलीभर प्रसिद्ध असलेला शब्द उच्चारला, "पुढे!"

शुभदा बाहेर आली, पायरी उतरली, आणि मग तिला आठवलं की वही पर्समध्येच राहिली.

वही म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, वरदच्या कंपनीची गेल्या वर्षीची डायरी. वरद चाकणला एका कंपनीत क्वालिटीला होता. डायरीच्या प्रत्येक पानावर वर छापलेलं होतं, 'शून्य दोष, हेच ध्येय', आणि त्याखाली शुभदा सईबद्दलच्या शंका लिहीत असे. प्रश्न एक: वरचे दात अजून का नाहीत? प्रश्न चार: रांगताना उजवा पाय ओढते, डावा ओढत नाही. प्रश्न नऊ: 'बाबा' म्हणते, 'आई' म्हणत नाही, यात काही वैद्यकीय आहे का? असे सतरा प्रश्न झाले होते. गेल्या तीन खेपांत त्यातला एकही विचारून झाला नव्हता, कारण वहीचं पान सापडेपर्यंत पुढचा पेशंट आत येऊन स्टुलावर बसलेला असे.

तिला फार काही नको होतं. औषध नको होतं, तपासण्या नको होत्या. एखाद्या जाणत्या माणसाने खुर्चीत मागे टेकून बसावं, सईकडे घाई न करता बघावं, एकेका प्रश्नाला उत्तर द्यावं आणि शेवटी म्हणावं, 'सगळं ठीक आहे.' हे वाक्य तिला दिवसातून वीसदा ऐकायला मिळत होतं. वरद म्हणे, सेलूहून आई फोनवर म्हणे, लिफ्टमध्ये भेटणारी माणसंही म्हणत. पण ते सगळं न तपासता म्हटलेलं. वरदच्याच भाषेत सांगायचं, तर इन्स्पेक्शन न करता मारलेला ओकेचा शिक्का.

सेलूला तिच्या लहानपणी एक डॉक्टर होते. ते आधी विचारत, "आज शाळेत काय शिकवलं?" मग जीभ बघत. जीभ बाहेर काढेपर्यंत निम्मा ताप उतरलेला असे. लग्न होऊन लांब आलेल्या मुलींना माहेरचं अंगण आठवतं, आईच्या हातचं आठवतं. शुभदाला संध्याकाळी साडेपाच वाजता, सईला कडेवर घेऊन तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत उभं राहिलं की तो दवाखाना आठवे. त्यातलं लाकडी बाक आणि कापराचा वास असलेला पडदा. हे कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. सांगितलं असतं तर वरदने तिलाच दवाखान्यात नेलं असतं.

आणि बाल्कनीतून खाली दिसायचा तो हा दवाखाना. सोसायटीच्याच तळमजल्यावर, गाळा नंबर चार. पाच वर्षांपूर्वी इथे कांद्याची शेतं होती म्हणे. आता अकरा इमारती होत्या आणि डॉक्टर एकच. पिंपरीला जायचं तर दोन बस बदलायच्या, आणि कडेवर पोर घेऊन दोन बस बदलणारी बाई पिंपरीला पोचेपर्यंत स्वतःच पेशंट होते. त्यामुळे जुनं गाव, नव्या इमारती आणि आसपासच्या कंपन्यांतले कामगार, असे सगळे रोज संध्याकाळी सहा ते नऊ हरिहर डॉक्टरांच्या दारात.

दवाखाना सहाला उघडे, पण पायरीवर चारपासून चपला लागत. ही गावची जुनी पद्धत. माणसाने यायचं, रांगेत चप्पल ठेवायची आणि आपल्या कामाला निघून जायचं. कित्येक घरांत खास दवाखान्यासाठी एक जुनी चप्पल राखून ठेवलेली होती. सोसायटीतले लोक आधी हसले. नंतर शुभदाच्या वरच्या मजल्यावरच्या जयमाला काकूंनी वॉचमनच्या हाती आपली एक फाटकी सँडल पाठवायला सुरुवात केली, आणि मग सगळ्यांनीच हसायचं थांबवलं.

इतपत शुभदाला चाललं असतं. पण बाल्कनीतून तिने एक गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. साडेपाच वाजता डॉक्टरांच्या कंपाउंडर मंजुळाबाई बाहेर येत. गावातल्याच, साठीच्या, पदर खोचलेल्या. कमरेवर हात ठेवून चपलांकडे बघत उभ्या राहत, आणि मग खाली वाकून चपला हलवत! नववी उचलून दुसऱ्या जागी. पहिली उचलून सहाव्या. सलग चार दिवस शुभदाने हे पाहिलं.

"वशिला," ती वरदला म्हणाली. "चपलांमध्येसुद्धा वशिला."

वरद नुकताच पहिली शिफ्ट करून आला होता. त्याने चहा फुंकत फुंकत विचार केला. "बॉटलनेक डॉक्टर आहे, सगळं तिथेच तुंबतं. सायकल टाइम, म्हणजे एका पेशंटला किती मिनिटं ते, फिक्स कर, स्लॉट दे, म्हणजे रांगच राहणार नाही. आमच्याकडे असं झालं असतं तर दोन दिवसांत बोर्ड लागला असता."

नवऱ्याने सहज म्हटलेल्या वाक्यांपैकी बायको नेमकं कोणतं मनावर घेईल हे आधी कळत नाही. शुभदा एम. एस्सी. होती, घरी होती, आणि सई दुपारी दीड तास झोपत असे. एवढ्या भांडवलावर माणूस काहीही सुधारायला घेऊ शकतो. तिने तीन पानी निवेदन लिहिलं: 'रुग्णसेवेचा दर्जा व रुग्णांची सोय: काही सूचना'. पान एक, चपला बंद, फोनवरून वेळ. पान दोन, प्रत्येक रुग्णास दहा मिनिटे. पान तीन, म्हाताऱ्यांना चढता यावं म्हणून गुडघ्याएवढ्या उंच पायरीच्या जागी उतार.

जयमाला काकूंनी ते चष्मा लावून वाचलं. "छान लिहिलंयस. त्यात पंख्याचं टाक. बसल्यावर बरोब्बर माझ्या मानेवर वारा येतो."

"काकू, हे सर्वांसाठी आहे."

"मग मी काय सर्वांत नाही?"

पंखा पान तीनवर गेला.

डॉक्टरांनी निवेदन हातात घेतलं, शीर्षक वाचलं, चष्म्यावरून शुभदाकडे पाहिलं आणि म्हणाले, "करा, करा. पुढे!" साठी उलटलेला, दिवसाला पन्नास पेशंट तपासणारा माणूस 'करा' म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ 'जा' असा असतो, हे शुभदाला त्या वेळी कळलं नाही. ती त्याला मंजुरी समजली.

सुरुवात पायरीपासून झाली. गाळे सोसायटीचे, म्हणून अर्ज सोसायटीला. सेक्रेटरी उद्धवराव सरकारी भांडारातून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा 'विषय' आणि 'संदर्भ' लिहून दिलेल्या चालत. त्यांनी अर्जाच्या तीन प्रती मागितल्या. मग पायरीची मोजमापं. मग पायरीचा फोटो, ज्यात पायरीशिवाय काही नको. कारण पहिल्या फोटोत एक कुत्रं झोपलं होतं आणि उद्धवरावांच्या मते त्यामुळे प्रकरणाला वेगळं वळण लागू शकत होतं.

"मॅडम, बैठकीत विषय घेतलाय," ते आठ दिवसांनी लिफ्टमध्ये म्हणाले. "मंजूर नकाशा मागवलाय. बघू."

नकाशा आला. नकाशात उतार नव्हता. पण पायरीही नव्हती.

मंगळवारी सकाळी दोन माणसं हातोडे घेऊन आली आणि अकरापर्यंत गाळा नंबर चारची पायरी जमिनीतून नाहीशी झाली. शुभदाला पत्र मिळालं: 'आपल्या अर्जाच्या अनुषंगाने पाहणी केली असता सदर पायरी अनधिकृत आढळल्याने ती तत्परतेने हटविण्यात आली आहे. उताराचा विषय यथावकाश घेण्यात येईल. सहकार्याबद्दल आभार.'

संध्याकाळी गावातले भैरूनाना आले. पंच्याहत्तरीचे, डोक्याला फेटा, हातात काठी. दवाखान्याचा उंबरा त्यांच्या मांडीला लागत होता.

"पायरी कुठं गेली?" त्यांनी विचारलं.

"काढली," कोणीतरी म्हणालं. "अर्ज गेला होता."

"पायरी नगं म्हनून अर्ज? कुनाचा?"

तिथे वीसेक माणसं उभी होती. त्यांनी नुसतं शुभदाकडे पाहिलं. शुभदाने सईचा मोजा नीट केला. मोजा नीटच होता.

त्या दिवशी म्हाताऱ्यांना उचलून वर घेण्यात आलं. भैरूनानांना दोन कामगारांनी बखोटीला धरून वर ठेवलं, तेव्हा ते म्हणाले, "वर घेतलं खरं, पन इंजेक्शन घिऊन उतरायचं कसं, ह्याचाबी अर्ज करून ठिवा बाई."

शेवटी वरदने कंपनीतून परवानगी काढून माल पाठवायच्या लाकडी चौकटींपैकी दोन जुन्या आणल्या, त्यावर फळ्या ठोकल्या, आणि एक उतार तयार झाला. फळ्या पॅकिंगच्या खोक्यांच्या होत्या. त्यामुळे त्यानंतर चऱ्होलीचे सगळे रोगी 'नाजूक माल, सांभाळून हाताळा' या अक्षरांवरून चालत वर जाऊ लागले. हा उतार बरा होता. सगळ्या सुधारणेत तेवढाच बरा होता, हे आपलं आत्ताच सांगून टाकायला हरकत नाही.

मग फोनवरचा फॉर्म आला. नाव, वय, तक्रार, वेळ. सहा ते नऊ, दर दहा मिनिटांनी एक, म्हणजे अठरा पेशंट. पूर्वी पन्नास होत. हा फरक शुभदाला दिसला नव्हता असं नाही. पण दर्जा म्हटला की थोडी काटछाट आलीच, असं तिने स्वतःला सांगितलं. फॉर्मच्या खाली तिने एक ओळही घातली: 'आपली वेळ आमच्यासाठी महत्त्वाची आहे.' मंजुळाबाईंना तिने समजावलं, "आता चपला हलवायची गरज नाही."

"बरं," मंजुळाबाई म्हणाल्या. "मंग आजारी कोन हाय ते कसं कळनार?"

"तक्रारीच्या रकान्यात लिहिलेलं असतं ना."

"आस्सं," मंजुळाबाई म्हणाल्या, आणि गोळ्यांच्या पुड्या बांधायला लागल्या.

फॉर्म सकाळी आठला सुरू झाला आणि आठ वाजून सहा मिनिटांनी पुढचे चौदा दिवस भरले. आपली माणसं सुट्टीची गाडी चार महिने आधी राखून ठेवतात, मग ताप का नाही ठेवणार? जयमाला काकूंनी सगळे गुरुवार घेतले, सहा चाळीस.

"काकू, गुरुवारी काय होतं तुम्हाला?"

"अजून काही नाही गं. पण झालं म्हणजे?"

बी विंगमधल्या विजयश्रीने दोन मुलांच्या नावाने सोमवार धरले, कारण तिच्या अनुभवाप्रमाणे मुलांना ताप रविवारी रात्री, शाळेच्या आदल्या दिवशी येतो. सोसायटीच्या ग्रुपवर निरोप फिरू लागले: 'उद्याची ७:१० आहे. खोकला बरा झाला. गरजूंनी कळवावे.' 'शनिवारची देऊन बुधवारची घेईन.' ज्यांच्याकडे असा फोन नव्हता, अशा गावातल्या लोकांसाठी शुभदा रोज पाचपासून दारात खुर्ची टाकून बसू लागली आणि रद्द झालेल्या वेळा त्यांना हाताने लिहून देऊ लागली. सई शेजारी, मंजुळाबाईंच्या पायाशी चटईवर.

आणि दहा मिनिटं. हाय रे देवा, ती दहा मिनिटं! सर्दीची तक्रार सांगायला माणसाला दीड मिनिट लागतं. उरलेल्या साडेआठ मिनिटांचं काय करायचं हे कोणालाच माहीत नव्हतं, पण सोडायला कोणी तयार नव्हतं. भैरूनाना आत गेले, नाडी दाखवली, "पित्त आहे" हे ऐकून घेतलं, आणि काठी आडवी मांडीवर घेऊन म्हणाले, "डागदर, आमची वढ्याकडची जमीन तुमाला ठावं हाय का?"

"नाना, बाहेर लोक आहेत."

"असू द्यात. माझी आजून आठ मिंटं हायेत. बाईनं लिवून दिल्यात."

डॉक्टरांना त्या महिन्यात वढ्याकडची जमीन, विजयश्रीच्या जावेचा स्वभाव आणि एका वेल्डरच्या मेहुण्याचं लग्न का मोडलं, हे सगळं नीट समजलं. ते रोज रात्री बाहेर येत तेव्हा त्यांचा चेहरा पेशंटचा झालेला असे.

शुभदा मात्र दारात घड्याळ घेऊन बसे. तिला स्वतःची दहा मिनिटं मिळाली नव्हती. एकदा मिळणार होती, तर एका लहान बाळाला ओकाऱ्या होऊ लागल्या म्हणून तिने वेळ देऊन टाकली. एकदा फॉर्म अडकला होता, तो सोडवत बसली. वही पर्समध्ये होती. प्रश्न आता एकतीस झाले होते. 'पुढच्या आठवड्यात नक्की,' असं ती रोज सईला सांगे. सई तिचा पदर ओढे, आणि ती म्हणे, "थांब हं सोन्या, आईला एक नाव लिहू दे."

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी भैरूनाना आत होते आणि शुभदा घड्याळाकडे बघत होती. आठ मिनिटं पन्नास. आठ पंचावन्न. तेवढ्यात मंजुळाबाई ओरडल्या, "आगं बया! चालली की गं पोरगी!"

शुभदाने मान वर केली. सई उताराच्या टोकाशी 'सांभाळून' या शब्दावर धप्पकन बसलेली होती आणि टाळ्या वाजवत होती.

"चार पावलं टाकली. नीट. माझ्याकडं येत व्हती."

"कधी?"

"आत्ता की. तू बगितलं न्हाईस व्हय?"

शुभदाने सईला पुन्हा उभं केलं. "चल, सई. चल ना. एकदा." सईने अठरा पेशंटांची यादी तिच्या हातातून घेतली, तिचा एक कोपरा खाल्ला आणि खाली बसून राहिली. जिने तेरा महिने या मुलीचा श्वासदेखील मोजला होता, जी आंघोळीला जाताना दार किलकिलं ठेवत होती, ती पहिल्या चार पावलांच्या वेळी भैरूनानांचे सेकंद मोजत होती. फोनवर आईला सांगताना तिने 'सई चालली' एवढंच सांगितलं. 'मी पाहिलं' असं काही ती म्हणाली नाही, आणि सेलूहून आईनेही विचारलं नाही.

दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी दुपारी, सई तापाने फणफणली. एकशे दोन पॉइंट आठ. डोळे अर्धे मिटलेले, ओठ लाल. वरद दुसऱ्या शिफ्टला, चाकणला. शुभदाने स्वतःचाच फॉर्म उघडला. आजच्या अठराच्या अठरा वेळा भरलेल्या. पहिली रिकामी जागा पुढच्या बुधवारी, आठ पन्नासला. खाली नम्रपणे लिहिलेलं: 'आपली वेळ आमच्यासाठी महत्त्वाची आहे.'

ती धावत वरच्या मजल्यावर गेली. "काकू, तुमची आजची सहा चाळीस..."

"अगं बाई! आत्ताच विजयश्रीला दिली की. तिच्याकडून सोमवार घेतला." काकूंनी सईच्या कपाळाला हात लावला आणि त्यांचा चेहरा पडला. "केवढी तापलीय! तू आधी सांगायचं नाहीस का? मी आत्ता तिला फोन करते. उचलत नाहीये. क्लासला गेली असेल मेली."

शुभदा खाली आली. साडेचार वाजले होते, शटर बंद होतं. सहा वाजता यायचं आणि सरळ आत घुसायचं? रोज दारात बसून 'नंबर नाही, आत जाता येणार नाही' असं तिनेच शंभर लोकांना सांगितलं होतं. तिने इकडेतिकडे पाहिलं. मग सईला सावरत वाकली, डाव्या पायातली चप्पल काढली, फळीवर टाकली आणि एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी अशी लिफ्टकडे निघाली. लिफ्टमध्ये उद्धवराव होते. त्यांनी तिच्या पायांकडे पाहिलं, विषय व संदर्भ यांचा अंदाज घेतला, आणि आयुष्यात पहिल्यांदा काहीच विचारलं नाही.

साडेपाचला ती बाल्कनीत उभी होती. सई खांद्यावर, गरम श्वास मानेला लागत होता. मंजुळाबाई बाहेर आल्या. महिनाभर रिकाम्या असलेल्या त्या उतारावर एकच चप्पल वाकडी पडलेली होती. त्यांनी कमरेवर हात ठेवले, चपलेकडे बघितलं, मग मान वर करून सरळ तिसऱ्या मजल्याकडे बघितलं. चप्पल उचलली, उंबऱ्याच्या आत नेऊन ठेवली आणि हाताने खूण केली: ये.

"माझी आहे हे कसं कळलं?" खाली पोचल्यावर शुभदाने धापा टाकत विचारलं.

"टाच आतल्या अंगाला झिजलीया. लेकरू डाव्या कडंवर घेनारीची चप्पल हाय." मंजुळाबाईंनी सईच्या अंगावरची शाल काढून ओलं फडकं ठेवलं. "आन वाकडी पडली व्हती. रिकामा मानूस चप्पल जोडीनं, नीट लावून ठिवतो. ज्याच्या घरात खरंच दुखनं हाय, त्यो टाकून पळतो. त्याची उचलून म्होरं ठिवायची. शालनबाईची अंगठा तुटलेली. तिला साखर हाय, उपाशी बसली की पडती, तिचीबी म्होरं. तुला काय वाटलं, म्या चपलांशी खेळत व्हते?"

'वशिला' हा शब्द गिळून शुभदाने फडकं उलटं केलं.

डॉक्टर आले ते सरळ सईकडे. छाती, घसा, कान. "व्हायरल आहे. तीन दिवस राहील. पाणी पाजत राहा, हे औषध सहा-सहा तासांनी, परवा दाखवा. घाबरू नका." आणि दाराकडे बघून, "पुढे!" किती वेळ लागला ते शुभदाने मोजलं नाही. मोबाइल घरीच राहिला होता.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. त्याच दुपारी शुभदाने फॉर्म बंद केला, आणि चार वाजता चपला आल्या. जणू महिनाभर दारामागे उभ्याच होत्या. पंखा मात्र फिरवला गेला होता. त्याचा वारा आता भैरूनानांच्या मानेवर येई. उताराबद्दल उद्धवरावांनी 'अनधिकृत फळ्या हटविणेबाबत' पत्र तयार केलं. ते सही करायला वाकले आणि त्यांची कंबर धरली. त्यांना त्याच फळ्यांवरून आडवं वर नेण्यात आलं. पुढच्या बैठकीत सदर फळ्या गणेशोत्सवाच्या स्टेजचं साहित्य म्हणून नोंदवण्यात आल्या आणि त्या जागीच ठेवाव्यात असा ठराव झाला.

पुढच्या शनिवारी शुभदा भाजी घेऊन येत होती. सई बोट धरून चालत होती. मंजुळाबाईंनी दारातून हाक मारली. "आत ये. पहिला नंबर तुजाच हाय."

"मी चप्पल नाही ठेवली."

"म्या ठिवली. माजी. डागदर म्हनले, वही घिऊन ये म्हनावं."

वही पर्समध्ये होतीच. शुभदा आत गेली. डॉक्टरांच्या टेबलावर तिचं तीन पानी निवेदन होतं, दुसरं पान वर.

"'प्रत्येक रुग्णास दहा मिनिटे,'" डॉक्टरांनी वाचलं. "महिनाभर सगळ्या गावाला दिली. तुमची राहिलीत." त्यांनी टेबलावरचं घड्याळ तिच्याकडे फिरवलं आणि खुर्चीत मागे टेकून बसले. अगदी मागे. "विचारा."

शुभदाने वही उघडली. प्रश्न एक: वरचे दात अजून का नाहीत? सईने आ करून एक हसू केलं. वर चार दात होते. प्रश्न चार: रांगताना उजवा पाय ओढते. आता ती रांगतच नव्हती. प्रश्न नऊ: 'आई' म्हणत नाही. तापात दुसऱ्या रात्री तिने जवळजवळ दोनशे वेळा 'आई' म्हटलं होतं. प्रश्न बावीस: आधार न घेता पाऊल कधी टाकेल? शुभदाने पान उलटलं, आणखी उलटलं. एकतीस प्रश्न, 'शून्य दोष, हेच ध्येय' च्या खाली, तारखांसकट, आणि एकही उरला नव्हता. त्या पानांवर एक मुलगी होती, जी उजवा पाय ओढत फरशीवरून सरपटत यायची, दात नसलेल्या हिरड्यांनी चमचा चावायची. तिला आता कुठलाच डॉक्टर तपासू शकणार नव्हता. शुभदा यादी करत बसली होती, तेवढ्यात ती निघून गेली होती.

"काही नाही," शुभदा म्हणाली. वही मिटून तिने पुन्हा म्हटलं, "काही नाही, डॉक्टर. वाढतं वय आहे."

डॉक्टरांनी घड्याळाकडे बघितलं. "अजून सात मिनिटं आहेत."

"मग जमिनीचं सांगू का?"

"नको," डॉक्टर घाईघाईने म्हणाले.

बाहेर चपला आणि माणसं, दोन्ही खोळंबल्याचा आवाज येत होता. मग डॉक्टरांनी गळ्यातली नळी काढली, तिचं टोक सईच्या छातीवर ठेवलं आणि कानात घालायचा भाग टेबलावरून शुभदासमोर धरला.

"घ्या. स्वतः तपासा."

तिने कानात घातला. आधी नुसती खरखर. मग, इतक्या जवळून की ती दचकलीच, तो आवाज. लगबगीचा, घाईचा, कुठेतरी पोचायचं असल्यासारखा. सईला मजा वाटून ती हसली, तसा तो आवाज क्षणभर बुडाला आणि पुन्हा वर आला. शुभदाने डोळे मिटले. तिला मोजायची सवय होती. सतरापर्यंत मोजलं आणि सोडून दिलं.

दार किलकिलं झालं. काठी आपटत भैरूनाना आत डोकावले आणि त्यांनी, डॉक्टरांची परवानगी न घेता, डॉक्टरांचा शब्द वापरला.

"पुढं!"

शुभदाच्या कानात नळ्या होत्या. तिला ऐकू आलं नाही. म्हणजे आलं, पण अजून चार मिनिटं तिची होती, आणि ती सोडायला ती तयार नव्हती.